पान एकच, पट्टी वेगळी: सॅक्सोफोनच्या साथीला माउथ ऑर्गन निवडताना

पार्श्वभूमी

ठाण्यातल्या एका घरात थोरल्या भावाची साठी होती. धाकट्या भावाच्या मनात आलं की या वेळी भाषणांऐवजी आपण दोघांनी वाजवावं. दोघं म्हणजे तो स्वतः, माउथ ऑर्गनवर, आणि त्याची पुतणी, सॅक्सोफोनवर. ओळख कळू नये म्हणून मी त्यांना इथे फक्त काका आणि पुतणी म्हणतो.

काकांचं वय अठ्ठावन्न. शाळकरी वयात डबल रीडचं (रीड म्हणजे आतली सूर देणारी धातूची पात), लांबलचक माउथ ऑर्गन हाताला लागलं आणि कानाने ऐकून गाणी बसवायची सवय लागली. चार वर्षांपूर्वी ते दहा छिद्रांच्या छोट्या वाद्याकडे वळले, कारण त्यात सूर वाकवता येतात, म्हणजे बेंड घेता येतो. त्यांच्याकडे एकच वाद्य होतं, सी पट्टीचं, आपल्या भाषेत पांढरी एक. पुतणीचं सॅक्सोफोनचं दुसरं वर्ष चालू होतं. ती आल्टो, म्हणजे सॅक्सोफोनच्या घराण्यातला मधल्या आकाराचा प्रकार, वाजवते आणि शिकवणीत सगळं पाश्चात्त्य नोटेशनवरून बसवते.

दोन तुकडे ठरले. पहिला तिच्या शिकवणीतला बारा बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) साधा ब्लूज, हा पाश्चात्त्य संगीतप्रकार. दुसरं भावाच्या आवडीचं जुनं हिंदी गाणं, मायनरमधलं, आपल्या कानाला आसावरी थाटाचं (थाट म्हणजे सात सुरांचा साचा). साठीला दोन महिने होते.

मी काकांबरोबर दर रविवारी वाजवतो. या प्रकरणात मी तिसऱ्या आठवड्यात आलो. त्याआधीचं त्या दोघांकडून ऐकलेलं आहे.

अडचण

पुतणीने वहीच्या पानाचा फोटो काकांना पाठवला. ब्लूज जी मध्ये लिहिला होता. काकांनी नियम लावला: ब्लूज वाजवायचा तर गाण्याच्या सा चा मध्यम ही ज्याची पट्टी आहे ते माउथ ऑर्गन घ्यायचं. जी चा मध्यम सी. सी तर हातात होतंच. आठवडाभर त्यांनी एकट्याने रियाज केला.

पहिल्यांदा दोघं एकत्र बसले तेव्हा पहिला सूर लागला आणि दोघांना वाटलं, जुळतंय. दोन सुरांत कोमल गंधाराचं अंतर पडलं होतं, आणि ते अंतर एका सुरापुरतं कानाला गोड लागतं. दुसऱ्या बारपासून सगळं विस्कटलं. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही जी मध्येच आहात ना?" काका जी मध्येच होते. तीही वहीतल्या जी मध्येच होती.

इथे सॅक्सोफोनची रचना समजून घ्यावी लागते. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने या वाद्याचं पेटंट 1846 मध्ये पॅरिसमध्ये घेतलं, तेच मुळी लहान-मोठ्या वाद्यांच्या घराण्याचं. लष्करी बँडसाठीच्या मालिकेत ही वाद्यं आलटूनपालटून ई फ्लॅट आणि बी फ्लॅट पट्टीची होती. बोटं सगळ्यांवर सारखीच पडावीत, वादकाने सकाळी आल्टो उचलावा आणि संध्याकाळी टेनर, यासाठी लिहिण्याची पद्धत अशी ठरली की कागदावरचा सूर म्हणजे बोटांची जागा. कानावर येणारा सूर वाद्यागणिक बदलतो. आल्टोवर सी लिहिला असेल तर ऐकू येतो ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन. टेनरवर तोच सी ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच. बॅरिटोन आल्टोसारखा आणि सोप्रानो टेनरसारखा, सप्तक तेवढं निराळं.

तेव्हा आल्टोच्या पानावरचा जी कानावर पडतो बी फ्लॅट होऊन. काका पांढरी पाचमध्ये वाजवत होते, पुतणी काळी पाचमध्ये. काकांचा नियम बरोबर होता. तो चुकीच्या सुराला लावला गेला होता.

पहिला निर्णय, आणि योगायोगाने मिळालेलं यश

काका वाद्यांच्या दुकानात गेले. तिथे कुणीतरी सांगितलं, "आल्टो ई फ्लॅटचा असतो, तुम्ही ई फ्लॅटचंच माउथ ऑर्गन घ्या." त्यांनी घेतलं, आणि घरी येऊन वाजवलं तर ब्लूज चपखल बसला.

मला या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच वाटते. सल्ल्यामागचं कारण चुकीचं होतं, पण उत्तर बरोबर आलं. ऐकू येणारा सा होता बी फ्लॅट आणि त्याचा मध्यम ई फ्लॅट. म्हणून ई फ्लॅटचं वाद्य जुळलं. आल्टोही ई फ्लॅटचा असणं हा निव्वळ योगायोग, आणि पान जी मध्ये लिहिलेलं असेल तेव्हाच तो घडतो. तोच ब्लूज डी मध्ये लिहिलेला असता तर ऐकू आला असता एफ, आणि लागलं असतं बी फ्लॅटचं वाद्य.

पण काकांच्या मनात नियम पक्का झाला: आल्टो आला की ई फ्लॅट. बसलेल्या गोष्टीचं कारण कोण तपासतो? मीही त्या जागी तपासलं नसतं.

दुसरी अडचण: एकच सूर खोटा

दुसऱ्या गाण्याचं पान ई मायनरमध्ये होतं. आल्टोवर ते ऐकू येतं जी मायनर, सा पांढरी पाच. काकांनी नियमाप्रमाणे ई फ्लॅटचंच वाद्य घेतलं आणि कानाने सूर शोधत गेले. पाचव्या छिद्रात फुंकलं की सा मिळाला. कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद, सगळे मिळाले. एक रिषभ मात्र दर वेळी खाली पडायचा. पाचव्या छिद्रात श्वास ओढला की तो सूर यायचा, आणि तो आला की पुतणी चेहरा वळवायची.

काकांचा निष्कर्ष असा की नव्या वाद्याची ती रीड बिघडलेली आहे. सात सुरांतले सहा बरोबर आणि एक चुकीचा, म्हणजे दोष त्या एका सुरात, असंच कुणालाही वाटेल. रीडच्या मोकळ्या टोकाकडे हलकं घासलं की सूर चढतो, हेही त्यांना माहीत होतं, आणि ते खरं आहे. रविवारी ते आले तेव्हा वाद्याच्या वरच्या पत्र्याचे स्क्रू काढलेले होते आणि बारीक कानस रुमालात गुंडाळलेली होती.

मी त्यांना थांबवलं आणि पेटी पुढे ओढली. त्यांनी पाचव्या छिद्रातून श्वास ओढला, मी काळी चार दाबली. दोन्ही सूर तंतोतंत एक. रीड जिथे असायला हवी तिथेच होती. गाण्याला रिषभ हवा होता पांढरी सहाचा.

ई फ्लॅटच्या वाद्यावर जी ला सा मानलं की हाती येतो भैरवी थाट. रे, ग, ध, नी, चारही कोमल. गाणं होतं आसावरी थाटाचं, रिषभ शुद्ध. दोघांत फरक नेमका त्या एका सुराचा. पट्टी चुकली की सगळंच बेसूर होईल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मध्यम किंवा पंचमाच्या अंतरावरची पट्टी सात सुरांतले सहा देऊन जाते, आणि माणूस उरलेल्या एकासाठी वाद्याला दोष देतो.

कानस लागली असती तर काय झालं असतं, तेही पाहिलं. पाचव्या छिद्राची ती रीड अर्ध्या सुराने चढवणं हा माउथ ऑर्गनच्या जगात रूढ बदल आहे, त्याला कंट्री ट्यूनिंग म्हणतात. दुसरं गाणं बसलं असतं. पण पहिल्या ब्लूजमध्ये तोच सूर कोमल निषाद म्हणून लागत होता, आणि कोमल निषाद गेला की ब्लूजचा रंगच जातो. एक तुकडा दुरुस्त करताना दुसरा मोडला असता.

थाटांच्या भाषेत हिशेब

यानंतर अर्धा तास आम्ही काही वाजवलं नाही, कागदावर मांडलं. इंग्रजी पुस्तकांत या गोष्टीला पोझिशन म्हणतात, पहिली, दुसरी, तिसरी. काकांना ते आकडे कधी लक्षात राहिले नव्हते. मूर्च्छना म्हटल्यावर मात्र लगेच उमगलं, कारण गोष्ट तीच आहे: सूर तेच ठेवायचे आणि सा सरकवायचा.

माउथ ऑर्गनचा स्वतःचा सा धरला तर बिलावल. त्याचा पंचम सा मानला तर खमाज, ब्लूजला हाच लागतो. त्याचा रिषभ सा मानला तर काफी. धैवत मानला तर आसावरी, गंधार मानला तर भैरवी, मध्यम मानला तर कल्याण. एका वाद्यात हे सहा थाट बेंड न घेता बसलेले आहेत, फक्त ज्या सप्तकात सगळे सूर आहेत तिथे वाजवावं लागतं. दहा छिद्रांच्या वाद्यात खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत गाळलेले असतात, स्वरसंगती नीट वाजाव्यात म्हणून.

उलट बाजूने वाचायचं तर असं: ऐकू येणाऱ्या गाण्याचा सा आणि थाट कळला की वाद्य ठरतं. खमाज किंवा ब्लूज असेल तर त्या सा चा मध्यम. काफी असेल तर कोमल निषाद. आसावरी असेल तर कोमल गंधार.

आमचा सा पांढरी पाच, थाट आसावरी. पांढरी पाचचा कोमल गंधार काळी पाच. वाद्य हवं होतं बी फ्लॅटचं.

पर्याय

नवीन वाद्य लगेच घ्यावं असं माझं म्हणणं नव्हतं. घरात आधीच दोन होती, म्हणून बाकीचे मार्ग आधी पाहिले.

पुतणीने पट्टी बदलली तर? काकांच्या सी च्या वाद्यावर आसावरी थाट पांढरी सहावर मिळतो. म्हणजे ऐकू येणारं गाणं ए मायनरमध्ये न्यायचं, आणि त्यासाठी आल्टोच्या पानावर एफ शार्प मायनर लिहायचं. तीन शार्प, म्हणजे तीन चढवलेले सूर. तिने प्रामाणिकपणे चार दिवस प्रयत्न केला. सूर सापडत होते, पण गाणं हरवत होतं. बोटांकडे लक्ष गेलं की श्वास तुटायचा. दुसऱ्या वर्षाच्या मुलीवर काकांच्या एका वाद्याच्या खर्चापायी हे ओझं टाकणं मला पटलं नाही, आणि काकांना तर मुळीच नाही.

एफ चं वाद्य घेऊन काफी थाटाच्या जागेवरून वाजवणं हा दुसरा मार्ग. मायनर गाण्यांसाठी अनेक वादक हाच वापरतात, आणि खाली स्वरसंगती छान मिळतात. पण तिथे धैवत शुद्ध येतो. गाण्याच्या अंतऱ्यात कोमल धैवतावर मोठा थांबा होता, आणि मधल्या सप्तकात तो सूर साध्या बेंडने निघत नाही. शिवाय नेहमीचं एफ चं वाद्य फार चढं, तीक्ष्ण लागतं.

बाराही सूर देणारं, बाजूला खटका असलेलं क्रोमॅटिक माउथ ऑर्गन घेतलं असतं तर पट्टीचा प्रश्नच मिटला असता. मी माझं त्यांना दोन दिवस दिलं. छिद्रांची मांडणी वेगळी, खटक्याचं बोट वेगळं, आणि पाच आठवडे उरलेले. ब्लूजमधला तो ओढलेला, रडवेला बेंडही त्यात तसा येत नाही. काकांनी ते परत आणून दिलं आणि म्हणाले, "हे पुढच्या वर्षी."

उरलं बी फ्लॅटचं वाद्य. त्यातही एक उणीव होती. आसावरीचा सा त्यात सहाव्या छिद्रात श्वास ओढून मिळतो आणि पूर्ण सप्तक दहाव्या छिद्रापर्यंत जातं, म्हणजे सगळं गाणं वाद्याच्या वरच्या भागात. खालचा सा तिसऱ्या छिद्रात खोल बेंड घेऊनच निघतो, आणि काकांचा तो बेंड अजून अचूक लागत नव्हता. आम्ही याच उणिवेचा उपयोग करून घेतला: पुतणीने आल्टोवर खालच्या सप्तकात गाणं धरायचं, काकांनी वर. दोन वाद्यं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंमध्ये मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आणि राहुलदेव बर्मन यांचा माउथ ऑर्गन ऐकत वाढलेल्या काकांना हा वर-खालीचा विचार लगेच आवडला.

काय केलं

काकांनी बी फ्लॅटचं वाद्य घेतलं. दोन्ही वाद्यांच्या डब्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यांवर इंग्रजी अक्षरं लिहिली नाहीत. एकीवर "काळी दोन, ब्लूज" आणि दुसरीवर "काळी पाच, दादाचं गाणं" असं लिहिलं.

पट्टी जुळली तरी सूर थोडा थरथरत राहिला. लांब सूर एकत्र धरला की त्यात लाटा ऐकू येत. पुतणी फोनवरच्या ट्यूनरवर ए 440 (ए या सुराची सेकंदाला 440 कंपनं) ठेवून वाद्य मिळवत होती. माउथ ऑर्गन कारखान्यातच बहुधा थोडं चढं, 442 ते 443 च्या आसपास मिळवलेलं असतं. 440 आणि 442 एकत्र वाजले की सेकंदाला दोन लाटा येतात, आम्ही मोजल्या. माउथ ऑर्गन ऐन वेळी मिळवता येत नाही, सॅक्सोफोन येतो. माउथपीस कॉर्कवर थोडं आत सरकवलं की सूर चढतो. तिने ट्यूनर 442 वर नेला, माउथपीस जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत घेतलं आणि लाटा थांबल्या.

आवाजाचाही प्रश्न होता. आल्टो मोकळ्या खोलीत माउथ ऑर्गनला सहज गिळतो. काकांसमोर माइक ठेवला, पुतणीला एक पाऊल मागे उभं केलं. बस्स.

काय झालं

साठीच्या संध्याकाळी ब्लूज आधी ठरला होता. त्याआधी जेवणं लांबली आणि सॅक्सोफोन तासभर एसीच्या झोताखाली पडून राहिला. गार सॅक्सोफोन उतरतो. पहिल्या चार बारमध्ये ती जरा खाली होती आणि काका ते ऐकून बेंड कमी-जास्त करत तिला सांभाळून घेत होते. सहाव्या-सातव्या बारपर्यंत वाद्य तापलं आणि सूर एक झाले.

दुसरं गाणं पहिल्या सुरापासून नीट लागलं. अंतऱ्यात कोमल धैवतावर दोघं थांबले, आणि पुढे रिषभावर येताना पुतणीने काकांकडे पाहिलं. रिषभ शुद्ध आला. दादा पुढच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. गाणं संपल्यावरही त्यांनी ते थोडा वेळ उघडले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पानाच्या फोटोऐवजी पुतणीने अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण पाठवलं असतं, तर पहिला आठवडा वाया गेला नसता. काकांचा कान उत्तम आहे, त्यांनी पेटीवर सा लगेच शोधला असता. कागद पाठवणं दोघांना अधिक अचूक वाटलं, कारण कागदावर सूर लिहिलेला असतो. सॅक्सोफोनच्या बाबतीत कागद बोटांविषयी बोलतो.

ई फ्लॅटचं वाद्य जुळलं त्या दिवशी "हे का जुळलं?" हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. दुसऱ्या पट्टीतलं एखादं पान त्याच दिवशी वाजवून पाहिलं असतं, तरी नियमातली खोट दिसली असती.

मलाही एक गोष्ट आधी सुचायला हवी होती. पुतणीला एफ शार्प मायनरमध्ये चार दिवस घालायला लावण्याआधी मी तिच्या शिक्षकांना विचारायला हवं होतं. त्यांनी ते एका वाक्यात नको म्हटलं असतं, आणि तिच्या त्या आठवड्यातल्या निराशेला मी कारण झालो नसतो.

ज्यांना पान मिळालं आहे आणि ध्वनिमुद्रण नाही, त्यांच्यासाठी आम्ही वापरलेली मोजणी: आल्टो किंवा बॅरिटोन असेल तर लिहिलेला सूर न मोजता त्याच्यापासून पेटीवर तीन स्वर वर, काळे-पांढरे सगळे धरून. टेनर किंवा सोप्रानो असेल तर दोन स्वर खाली. तो ऐकू येणारा सा. मग थाट पाहून वाद्य.

या महिन्यात पुतणीच्या शिक्षकांनी तिला काही दिवसांसाठी टेनर दिला आहे. मागच्या रविवारी ती तो घेऊन काकांकडे आली आणि तेच ब्लूजचं पान स्टँडवर लावलं. काकांनी वाद्य उचललं नाही. म्हणाले, "आधी एक लांब सा दे." तिने दिला. त्यांनी पेटीवर तो शोधला, पांढरी चार. मनात मध्यम मोजला आणि काळी पाचची चिठ्ठी लावलेला डबा उघडला. दुसऱ्या पानासाठी पांढरी चारचं माउथ ऑर्गन लागेल. ते अजून त्यांच्याकडे नाही.